सामाईक फाईल

जमिनीच्या सातबाऱ्यावर एक शब्द हमखास भेटतो, 'सामाईक'. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक रस्ता. आमची चिखली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली, शेतांच्या जागी शेड आणि सोसायट्या आल्या, पण जुन्या घरांत वाटणीची गोष्ट निघाली की हा शब्द अजूनही निघतो. आणि तो निघाला की आवाज चढतात. विहिरीचं पाणी उपसायला सगळे हक्कदार असतात. गाळ काढायची वेळ आली की मात्र प्रत्येकाला काहीतरी महत्त्वाचं काम आठवतं.

हा शब्द संगणकाच्या दुनियेतही तितकाच भांडणाचा आहे हे मला अलीकडेच कळलं. माझा पुतण्या हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याच्या तोंडून 'कॉमन फाईल' आणि 'रिलीज' हे शब्द मी इतक्यांदा ऐकले, की शेवटी त्याला समोर बसवून, मराठीत, एकही इंग्रजी व्याख्या न फेकता सगळं सांग म्हटलं. पस्तीस वर्षं मुलांना शिकवल्यामुळे एक सवय लागलेली आहे. समोरच्याला साध्या शब्दांत सांगता आलं नाही, तर त्यालाच ते पुरतं समजलेलं नाही असं मी धरतो. त्याने बऱ्यापैकी सांगितलं. उरलेलं मी वाचून काढलं. वाचता वाचता लक्षात आलं की या प्रश्नाला पन्नासहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, आणि आपल्या पोथ्यांचा इतिहास जोडून घेतला तर कित्येक शतकांचा.

आधी प्रश्न काय आहे तो पाहू. एखादं सॉफ्टवेअर म्हणजे एक फाईल नसते, शेकडो-हजारो फायली असतात. त्याची पहिली आवृत्ती गिऱ्हाइकाला दिली, दोन वर्षांनी दुसरी काढली, मग तिसरी. पण पहिली घेतलेलं गिऱ्हाईक काही लगेच तिसरीवर जात नाही. त्यामुळे तिन्ही आवृत्त्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. आता या तिन्हींत काही फायली अगदी सारख्याच असतात. समजा, तारीख नीट छापणारी एक फाईल आहे. ती तीन ठिकाणी तीन प्रती करून ठेवायची, की एकच ठेवून तिघांनी तिच्याकडे बोट दाखवायचं?

प्रती केल्या तर प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र राहते, कुणाचा कुणाला त्रास नाही. पण त्या फाईलमध्ये चूक सापडली की तीन ठिकाणी दुरुस्ती करावी लागते, आणि माणूस दोन ठिकाणी करून तिसरी विसरतो. एकच ठेवली तर दुरुस्ती एकदाच होते. पण तिसऱ्या आवृत्तीसाठी कुणी त्या फाईलमध्ये बदल केला, की पहिल्या आवृत्तीच्या गिऱ्हाइकाचं सुरळीत चाललेलं काम आपोआप बिघडतं. बिचाऱ्याने काहीच केलेलं नसतं.

आमच्या पट्ट्यातल्या लोकांना हे समजायला संगणकाची गरज नाही. माझा एक जुना विद्यार्थी इथेच एका शेडमध्ये प्रेसचं काम करतो, मोठ्या कारखान्यांना छोटे सुटे भाग पुरवतो. एक ब्रॅकेट दोन मॉडेलना सामाईक होतं. नव्या मॉडेलसाठी त्यातलं एक भोक जरासं सरकलं, ड्रॉइंगवरचा रिव्हिजनचा आकडा बदलला, आणि कारखान्याकडून नवं ड्रॉइंग आलं. याने जुनं ड्रॉइंग काढून टाकलं आणि सगळा माल नव्याप्रमाणे केला. पण जुन्या मॉडेलच्या सुट्या भागांची मागणी तर चालूच होती! तो सगळा लॉट रिजेक्ट होऊन परत आला. 'सर, ब्रॅकेट तेच, नंबर तोच, मग चुकलं कुठे?' असं तो मला विचारत होता. नंबर तोच होता, रिव्हिजन वेगळं होतं. ज्या मालाला जुनं रिव्हिजन हवं होतं त्याला नवं मिळालं, इतकंच.

सुटे भाग सामाईक ठेवणं ही मूर्खपणाची गोष्ट नाही, उलट त्यावरच हा उद्योग उभा आहे. पिंपरीत तयार झालेली टाटांची इंडिका १९९८ साली आली, आणि तिच्याच पायावर २००२ साली डिकीवाली इंडिगो उभी राहिली. प्रत्येक गाडीचा प्रत्येक भाग नव्याने काढत बसलं तर गाडी कुणाला परवडणार नाही. सामाईक ठेवायचं की नाही हा वाद इथे फारसा नसतो. सामाईक भागाची कुठली आवृत्ती कुठल्या गाडीत आहे याची नोंद कोण ठेवतो, यावर सगळं अवलंबून असतं.

आता संगणकाकडे येऊ. फायलींचा इतिहास नोंदवून ठेवणारी पहिली नावाजलेली व्यवस्था मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये तयार केली. तिचं नाव एससीसीएस. तोपर्यंत जुनी आवृत्ती हवी असेल तर आख्खी प्रत कुठेतरी ठेवावी लागे, आणि तेव्हा साठवणुकीची जागा सोन्याच्या भावाची. या व्यवस्थेने फक्त फरक साठवायचे ठरवले. कुठली ओळ कधी आली, कधी गेली, एवढंच. त्यावरून हवी ती आवृत्ती पुन्हा उभी करता येई.

दहा वर्षांनी, १९८० नंतरच्या सुरुवातीच्या काळात, पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिकी यांनी आरसीएस आणली. त्यांनी एक साधा विचार केला. माणसाला बहुतेक वेळा ताजी आवृत्तीच हवी असते. म्हणून ताजी आवृत्ती पूर्ण ठेवायची आणि मागे जाण्यासाठीचे फरक उलट्या क्रमाने ठेवायचे. ताजी प्रत झटकन मिळते, जुनीला जरा वेळ लागतो. पण या दोन्ही व्यवस्थांना एकेक फाईलच दिसत असे. आख्ख्या आवृत्तीत कुठल्या फायली मिळून येतात, हे माणसाने आपलं आपण लक्षात ठेवायचं. शिवाय एकाने फाईल घेतली की तिला कुलूप, दुसऱ्याने वाट पाहायची. वाचनालयात एकच प्रत असलेल्या पुस्तकासारखं.

पुढची पायरी हॉलंडमध्ये पडली. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात डिक ग्रून आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर काम करत होते आणि तिघांच्या कामाच्या वेळा काही केल्या जुळत नव्हत्या. म्हणून त्यांनी कुलूप काढून टाकणारी व्यवस्था केली आणि १९८६ साली ती सगळ्यांना खुली केली. ती सीव्हीएस. प्रत्येकाने आपली प्रत घ्यायची, बदल करायचे आणि नंतर ते एकत्र विणायचे. (गुरुजी आणि विद्यार्थी यांच्या वेळा जुळत नसल्यामुळे जगाचं भलं झाल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण!) सीव्हीएसमध्ये एकच सामाईक फोल्डर वेगवेगळ्या प्रकल्पांत आणून जोडण्याची सोयही पुढे आली.

सामाईक फाईलच्या बाबतीत मला सगळ्यात शहाणपणाचे शब्द मात्र एका वेगळ्याच साधनात सापडले. मायक्रोसॉफ्टने १९९४ साली विकत घेतलेलं सोर्ससेफ नावाचं साधन होतं, आता ते इतिहासजमा झालं. त्यात तीन आज्ञा होत्या. पहिली शेअर, म्हणजे एकच फाईल अनेक प्रकल्पांत दिसेल. दुसरी पिन, म्हणजे या प्रकल्पात ती अमुक आवृत्तीवर टाचून ठेवली आहे, बाहेर कितीही बदल होवोत. पडद्यावर त्या फाईलजवळ खरोखरच टाचणीचं चित्र येत असे. तिसरी ब्रँच, म्हणजे आता आमचा मार्ग वेगळा, नातं इथून पुढे तुटलं. एकत्र राहणं, एकत्र राहूनही आपला हिस्सा ठरवून घेणं आणि वाटणी करून वेगळं होणं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला याहून जास्त काय समजावून सांगायचं?

यानंतर आलं सबव्हर्जन. त्याचं काम २००० साली सुरू झालं आणि पहिली पक्की आवृत्ती फेब्रुवारी २००४ मध्ये आली. त्यात सामाईक फायलींसाठी 'एक्स्टर्नल्स' नावाची सोय होती. आपल्या फोल्डरवर एक चिठ्ठी लावायची की अमुक फायली तमुक ठिकाणाहून आणा. २००९ पासून एकेकट्या फाईललाही अशी चिठ्ठी लावता येऊ लागली. सोय उत्तम, पण तिच्यात एक खड्डा होता आणि त्यात पुष्कळ लोक पडले.

तो खड्डा समजून घेण्यासारखा आहे. समजा २००५ साली तुम्ही आवृत्ती एक काढली आणि तिच्यावर 'हीच ती आवृत्ती एक' असा शिक्का मारून ठेवला. त्या शिक्क्याच्या आत सामाईक फायलींची चिठ्ठी आहे, पण चिठ्ठीवर 'कितव्या क्रमांकाची' हे लिहिलेलं नाही. २००८ साली गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून तुम्ही ती आवृत्ती पुन्हा उघडली. तुमच्या स्वतःच्या फायली २००५ च्या आल्या. चिठ्ठीने मात्र इमानेइतबारे आजच्या ताज्या सामाईक फायली आणल्या. समोर जे उभं राहिलं ते २००५ सालचं नाही आणि २००८ सालचंही नाही. अशी आवृत्ती जगात कधी कुणाला दिलीच नव्हती! नोंद ठेवण्यासाठी केलेली व्यवस्थाच न घडलेला इतिहास दाखवू लागली. यावरचा उपाय एका ओळीचा आहे, चिठ्ठीवर क्रमांक लिहा. तरी तो लिहायचा राहतो. कारण ज्या दिवशी चिठ्ठी लावली त्या दिवशी क्रमांक लिहिला काय आणि न लिहिला काय, फरक काहीच दिसत नाही. तो तीन वर्षांनी दिसतो.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं, आणि आज बहुतेक जग ते वापरतं. त्यात दोन गोष्टी विशेष आहेत. एक, मजकूर अक्षरन् अक्षर सारखा असेल तर तो दहा आवृत्त्यांत असला तरी आत एकदाच साठवला जातो. म्हणजे जागा वाचवण्यासाठी फाईल सामाईक ठेवा, हे कारणच संपलं. दुसरी, २००७ पासून त्यात दुसरा प्रकल्प आपल्या पोटात ठेवण्याची सोय आली, आणि तिच्यात क्रमांक लिहायचा विसरताच येत नाही. तो आपोआप नोंदला जातो. पुतण्या म्हणतो, 'काका, त्या सोयीला सगळे शिव्या देतात, कारण प्रत्येक वेळी क्रमांक हाताने पुढे न्यावा लागतो.' मी म्हटलं, शिव्या द्याव्यात, पण क्रमांक न्यावा.

तंत्र इतकं सुधारलं तरी प्रश्न संपला नाही, कारण तो फक्त तंत्राचा नव्हताच. तीन घटना सांगतो.

मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने वादातून आपल्या सामाईक फायली सार्वजनिक भांडारातून काढून घेतल्या. त्यांत लेफ्ट-पॅड नावाची जेमतेम अकरा ओळींची एक फाईल होती. शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा भरणं एवढंच तिचं काम. पण जगभरातले हजारो प्रकल्प थेट किंवा कुणाच्या तरी मार्फत तिच्याकडे बोट दाखवून बसलेले होते. ते एका दिवसात अडले. हा झाला नुसतं बोट दाखवण्याचा धोका.

डिसेंबर २०२१ मध्ये उलटं झालं. लॉग-फोर-जे नावाच्या, नोंदी लिहिणाऱ्या सामाईक सॉफ्टवेअरमध्ये गंभीर भोक सापडलं. दुरुस्ती लवकर आली, पण ते कुणाकुणाच्या पोटात आहे हेच कळेना. एकाच्या आत दुसरं, त्याच्या आत तिसरं, अशा त्याच्या प्रती पसरलेल्या होत्या. किती कंपन्यांचे लोक आठवडेच्या आठवडे नुसती शोधाशोध करत बसले. हा प्रती करण्याचा धोका.

तिसरी घटना एप्रिल २०१४ ची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. इंटरनेटवर बँकेचा व्यवहार करताना जे कुलूप लागतं ते बसवणारं ओपन-एसएसएल नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्यात हार्टब्लीड नावाचा दोष सापडला. तेव्हा बाहेर आलं की अर्ध्या जगाचे व्यवहार ज्या सामाईक कोडवर चालत होते, त्यावर पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता, आणि वर्षाला मिळणाऱ्या देणग्या अगदीच किरकोळ. मोठमोठ्या कंपन्या रोज पाणी उपसत होत्या. गाळ काढायला एकटा माणूस खाली उतरलेला. दोष उघड झाल्यावर मग धावपळ करून पैसे गोळा केले गेले.

हे वाचत असताना मला आपल्या पोथ्या आठवल्या. आणि त्या आठवायला चिखलीहून फार लांब जावं लागत नाही. आमच्या गावाला टाळगाव चिखली म्हणतात. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी होते अशी परंपरा आहे. देहू तर हाकेच्या अंतरावर. तुकोबांचे अभंग वह्यांतून उतरत गेले. देहूची वही वेगळी, कडूसची वेगळी, तळेगावची वेगळी, पंढरपूरची वेगळी. प्रत करणाऱ्याने प्रेमानेच प्रत केली, पण एका ठिकाणी शब्द बदलला, एका ठिकाणी अभंग वाढला, एका ठिकाणी गळला. प्रतींचा धोका तो हाच.

विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी मुंबई सरकारच्या मदतीने गाथा संपादित केली. ती इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघाली. त्यांच्यासमोर देहू, तळेगाव, पंढरपूर आणि कडूस इथल्या प्रती होत्या. सामाईक मजकूर वर दिला आणि ज्या प्रतीत वेगळा शब्द होता तो तळटीपेत, प्रतीच्या खुणेसह नोंदवला. नंतर १९१९-२० च्या सुमारास वि. ल. भावे यांनी संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून वेगळी गाथा छापली. ती वेगळी म्हणून कुणी जाळली नाही. आज अभ्यासकाला दोन्ही समोर ठेवता येतात.

हेच काम पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारतासाठी फार मोठ्या प्रमाणावर केलं. १९१९ साली सुरुवात झाली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक होते. ते १९४३ साली गेले, पण काम थांबलं नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते पुढे नेलं आणि १९६६ साली पूर्ण केलं. १,२५९ हस्तलिखितं, १९ खंड, सत्तेचाळीस वर्षं. पानाच्या वरच्या भागात सगळ्या परंपरांना धरून ठरवलेला मजकूर, खाली कुठल्या प्रतीत काय वेगळं आहे त्याची बारीक अक्षरांतली नोंद. काश्मीरची शारदा लिपीतली प्रत काय म्हणते, मल्याळम लिपीतली काय म्हणते, ते तिथे मिळतं. सामाईक ते वर, वेगळं ते खाली, आणि दोन्ही एकाच पानावर.

पोथी आणि सॉफ्टवेअर यांत एक मोठा फरक आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. संपादक मागे जाऊन हरवलेलं सामाईक शोधत असतो. सॉफ्टवेअरवाल्याचं सामाईक रोज पुढे पळत असतं. तरी नोंदीची शिस्त एकच आहे.

आता शेवटी ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येतो. ती मराठी अक्षरांची आहे.

लोहित नावाचे फॉन्ट आहेत. लोहित म्हणजे लाल, कारण ते रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली खुले केले. मूळ घडण पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. लिनक्स वापरणाऱ्या पुष्कळ लोकांनी पडद्यावरची मराठी पहिल्यांदा याच अक्षरांत वाचली असेल. सुरुवातीला हिंदीची फाईल वेगळी, मराठीची वेगळी, नेपाळीची, कोकणीची वेगळी. लिपी एकच, देवनागरी, म्हणून बहुतेक अक्षरं तीच, फक्त प्रती केलेली. एका जोडाक्षरात दोष सापडला की तो प्रत्येक फाईलमध्ये वेगळा दुरुस्त करायचा. वर सांगितलेलं सगळं दुखणं इथे हजर. म्हणून पुढे देवनागरीची एकच सामाईक फाईल करण्यात आली, लोहित देवनागरी. काम पुण्यातलं, प्रश्न आपला आणि उत्तर योग्यच.

पण मग मराठीचं स्वतःचं जे वेगळं आहे त्याचं काय? आपला ल पाकळ्यांचा, हिंदीचा दंडाचा. आपला श देठाचा, हिंदीचा गाठीचा. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक मराठी मुलाला कळलाच पाहिजे. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. युनिकोडमध्ये हिंदी आणि मराठी ल ला एकच क्रमांक आहे, श लाही एकच. म्हणजे संगणकाच्या पोटात ते सामाईक अक्षर आहे आणि पडद्यावर कुठला आकार दाखवायचा हे फॉन्टने ठरवायचं. आधुनिक फॉन्टमध्ये त्यासाठी सोय असते. मजकुरावर 'ही मराठी आहे' अशी खूण असेल तर मराठी वळणाचं अक्षर दाखव, नाहीतर नेहमीचं. अगदी भांडारकरांच्या पानासारखं, सामाईक वर, फरकाची नोंद खाली.

अडचण अशी की बहुतेक वेळा ती खूण कुणी करतच नाही. मग नेहमीचं म्हणून जे ठरवलेलं असतं ते दिसतं, आणि ते बहुधा हिंदी वळणाचं असतं. कुणी मराठीवर अन्याय करायला बसलेलं नाही. चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा राहिला, तसंच हे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी प्रमाण मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्या निर्णयाने देठाचा श आणि पाकळीचा ल वापरण्याचं पुन्हा बजावलं. निर्णय चांगला आहे. पण फळ्यावर मी कितीही देठाचा श काढला असता, तरी मुलांच्या डोळ्यांसमोर दिवसभर मोबाईलवर जो श असतो तोच त्यांच्या हाताच्या वळणात उतरतो. चाळीस मुलांच्या वह्या तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

काही जण म्हणतात, मग मराठीचा फॉन्ट संपूर्ण वेगळाच ठेवा, सामाईक नकोच. मला ते पटत नाही. वेगळं राहिलो तर प्रत्येक दुरुस्ती आपल्याला एकट्याने करावी लागेल, आणि ती करायला किती माणसं पुढे येतील हे आपण जाणतोच. हिंदी, नेपाळी, कोकणी या सगळ्यांबरोबर एकच फाईल ठेवण्यात आपला फायदा आहे. फक्त त्या फाईलमध्ये आपला फरक नीट नोंदलेला हवा, आणि ती नोंद तपासणारं कुणीतरी मराठी माणूस तिथे हवं. बदल झाला की 'आमचा ल शाबूत आहे ना?' एवढं विचारणारं.

तेव्हा मंडळी, एक छोटं काम सांगतो. तुम्ही जिथे मराठी लिहिता, कागदपत्रात असो, पानावर असो की मोबाईलमध्ये, तिथे भाषेची निवड 'मराठी' आहे का ते एकदा पाहा. हिंदी किंवा इंग्रजी असेल तर बदला. मग 'शाळा' आणि 'लेखन' हे दोन शब्द लिहून श आणि ल नीट निरखा. आकार बदललेला दिसला तर फॉन्ट चांगला आहे. नाही दिसला तर तो फॉन्ट कुणी केला ते शोधून त्यांना दोन ओळी कळवा. मी आत्तापर्यंत तिघांना पत्रं पाठवली आहेत. एकाचं उत्तर आलं, नम्र होतं, पुढच्या आवृत्तीत पाहतो म्हणाले. पुढच्या आवृत्तीचा क्रमांक मी वहीत लिहून ठेवला आहे.